घडीचा चाकू : रचना आणि निगा
(द्वितीय वर्ष, कला)

खिशातला चाकू म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे हिंदी चित्रपटातला खलनायक उभा राहतो. या हत्याराची दुसरीही एक ओळख आहे. माझे वडील वरुड-मोर्शी भागात संत्र्याचे डोळे भरतात. जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर इंग्रजी ‘टी’च्या आकाराचा छेद घ्यायचा, त्यात चांगल्या झाडाचा डोळा बसवून पट्टीने बांधायचा. हे सारे एका घडीच्या चाकूवर चालते. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच, आणि माझी फी त्याच चाकूतून येते.

या चाकूचे भाग मोजकेच : पाते, मुठीच्या दोन बाजू, पाठीची पोलादी स्प्रिंग आणि पाते ज्यावर फिरते तो खिळा. स्प्रिंग पात्याच्या बुडाला दाबून धरते, म्हणून पाते उघडे किंवा मिटलेले राहते. मात्र ते पक्के अडकलेले नसते. पात्याच्या पाठीवर जोर पडला, तर ते बोटांवर मिटते.

खोलण्यापूर्वी खिळा पाहावा. तो ठोकून बसवलेला असेल तर चाकू खोलूच नये. एकदा काढलेला खिळा पुन्हा तसा बसत नाही. अशा चाकूची खाच कोमट साबणाच्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासावी. खिळ्याच्या जागी स्क्रू असेल, तर आधी धारेवर चिकटपट्टी लावावी. भाग निघतील त्या क्रमाने पांढऱ्या कापडावर मांडावेत. पातळ वायसर असल्यास डाव्या-उजव्याची अदलाबदल होऊ देऊ नये. जोडताना स्क्रू इतकाच आवळावा की पाते डुगडुगणार नाही आणि अडणारही नाही.

धुतल्यावर चाकू पूर्ण वाळवावा. वडील म्हणतात, “चाकू चकचकीत नसला तरी चालते, कोरडा पाहिजे.” साध्या पोलादाला गंज लवकर धरतो. सांध्यात शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. जवस किंवा करडईचे तेल तेथे घालू नये. ते वाळून चिकट होते. लाकडी मुठीला मात्र जवसाचे तेल उत्तम.

कलमाच्या चाकूची धार पुष्कळदा एकाच बाजूने उतरती असते. तीच बाजू दगडावर घासावी. सपाट बाजूने फक्त धारेवरची कंगर काढावी. धार बोथट असली की साल चिरडते आणि डोळा वाळतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. लिंबूवर्गीय झाडांचा ‘एक्झोकॉर्टिस’ हा रोग पात्यावरून एका झाडातून दुसऱ्या झाडात जातो. स्पिरिटचा बोळा त्याला पुरत नाही; सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण लागते. ते पोलादाला खाते, म्हणून पाते लगेच पाण्याने धुऊन, पुसून तेलाचा हात द्यावा. रंगपूर लिंबाच्या खुंटावर या रोगाची लक्षणे दिसायला काही वर्षे लागतात. तोवर शेतकऱ्याने खत-पाणी घातलेले असते, कर्जही काढलेले असते. रोप विकत घेणारा पाने पाहतो, मुळे पाहतो. चाकू धुतला होता की नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. ते फक्त डोळा भरणाऱ्यालाच ठाऊक असते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा चाकू असेल. सुटीत गेल्यावर त्याची खाच एकदा उजेडात धरून पाहावी.