शेवंतीला काळोख हवा

दिवाळी सरते, मार्गशीर्षातले गुरुवार तोंडावर येतात, बाजारात शेवंतीचे ढीग लागतात आणि घरच्या कुंडीतलं झाड मात्र नुसतंच हिरवंगार राहतं. ही तक्रार दर हिवाळ्यात कानावर येते आणि तिच्यावरची उत्तरंही ठरलेली असतात. अजून थंडी पडली नाही, खत कमी पडलं, जागा मानवली नाही. पण झाड निरोगी असूनही कळी धरत नसेल, तर आधी रात्री त्याच्यावर कुठला दिवा पडतो ते पाहावं.

थंडीने शेवंती फुलते हा समज पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, कारण फुलं येतात तेव्हा हवेत गारवा असतोच. झाड मात्र रात्रीची लांबी मोजत असतं. पुण्याच्या आसपास जूनमधला सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान अकरा तासांचा. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा, तरी शेवंतीला तो पुरतो. पावसाळा उतरणीला लागतो तशा रात्री लांबत जातात आणि ठरावीक मर्यादा ओलांडली की शेंड्यात पानांऐवजी कळ्या घडू लागतात. ही मर्यादा जातीगणिक बदलते. त्यानंतर फूल उमलायला काही जातींना दीड-दोन महिने, तर काहींना तीन महिनेही लागतात. म्हणून एकाच गच्चीवर पिवळी शेवंती संपत आलेली असते आणि शेजारची पांढरी तेव्हा कुठे डोळे उघडत असते. थंडीचा वाटा अगदीच नाही असं नव्हे. रात्री फार उकाड्याच्या असल्या तर कळ्या रेंगाळतात.

दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला हा संबंध अमेरिकेतल्या गार्नर आणि अॅलर्ड या शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये मांडला. खरं महत्त्व अखंड काळोखाला आहे, हे 1938 मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी एका काटेरी रानतणावर दाखवलं. लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ दिवा लावला, तर ते तण फुलायचं थांबलं. शेवंतीही याच स्वभावाची. पॉलिहाउसमधले शेतकरी मध्यरात्रीच्या सुमारास काही तास दिवे लावून शेवंतीची फुलं लांबणीवर टाकतात आणि काळं कापड टाकून ती लवकरही आणतात.

आता आपल्या बाल्कनीकडे पाहा. समोर रस्त्याचा दिवा, आत उशिरापर्यंत जळणारी ट्यूब, जिन्यातला रात्रभरचा बल्ब. आपण हौसेने कुंडी दर्शनी जागी ठेवतो आणि झाडाला रात्र झाल्याचं कळूच देत नाही. चांदण्याने काही बिघडत नाही, ते फारच मंद असतं. दिव्यापासून कुंडी हलवता येत नसेल, तर सप्टेंबरपासून रोज संध्याकाळी सहा-सातला तिच्यावर पुठ्ठ्याचं खोकं उपडं घालावं आणि सकाळी सात-आठला काढावं. कळ्यांना रंग दिसेपर्यंत यात खंड पडू देऊ नये. दिवसा मात्र तिला पाच-सहा तास चांगलं ऊन हवंच.

झाकायचं ते संपूर्ण झाड. नुसत्या शेंड्यावर कापड गुंडाळून भागत नाही, कारण रात्र ओळखतात ती पानं. सोव्हिएत शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी 1930च्या दशकात हे शेवंतीवरच दाखवून दिलं. पानांना लहान दिवस आणि शेंड्याला मोठा दिवस मिळाला, तरी झाड फुललं. उलट केलं तेव्हा फुललं नाही. पानांकडून शेंड्याकडे काहीतरी निरोप जात असला पाहिजे, हा त्यांचा तर्क होता. तो निरोप म्हणजे एक प्रथिन, हे 2007 मध्ये इतर वनस्पतींवरच्या संशोधनातून स्पष्ट झालं. मधली सत्तर वर्षं शास्त्रज्ञ ते शोधत होते. कुंडीतल्या साध्या झाडात एवढं चाललेलं असतं, याचं मला दर वर्षी नव्याने अप्रूप वाटतं.

खताबद्दलचा समज तर नुकसानच करतो. फुलं येत नाहीत म्हणून युरिया दिला, की पानं माजतात, खोड लुसलुशीत होतं आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा चढतो. शेंडा खुडला तर फुलं जातील ही भीतीही अनाठायी आहे. जून-जुलैत खुडलेल्या शेंड्याखाली फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीला कळ्या येतात. ऑगस्टचा मध्य उलटला की मात्र नखं आवरावीत.

पांढरी शेवंती गुलाबी पडली म्हणून काही जण औषध फवारतात. त्याची गरज नसते. थंड रात्रींत आणि फूल जुनं होताना काही जातींच्या पाकळ्यांत गुलाबी रंगद्रव्य तयार होतं, इतकंच.

सर्वांत वाईट वाटतं ते फुलं सुकल्यावर कचऱ्यात गेलेल्या कुंड्या पाहून. शेवंती बहुवर्षायू आहे. बहर संपला की फांद्या जमिनीपासून वीतभर ठेवून छाटाव्यात आणि पाणी बेताचं द्यावं. बुंध्याशी कोवळ्या काश्या फुटतात. त्या मुळांसकट अलगद सोडवून उन्हाळ्याच्या अखेरीस नव्या मातीत लावल्या की एका कुंडीच्या चार होतात. नर्सरीतून आणलेलं बुटकं, गोल झाड पुढच्या वर्षी मांडीएवढं उंच वाढलं, तर जात बिघडली असं समजू नका. विक्रीच्या झाडांची उंची रोखायला बहुधा वाढरोधक फवारलेलं असतं, त्याचा अंमल उतरलेला असतो. अशा झाडाला ऑगस्टमध्येच बारीक काठी रोवून सैल बांधून घ्यावं, म्हणजे कळ्यांच्या भाराने फांद्या मोडत नाहीत.