उष्माघात म्हणजे ताप नव्हे: माणसाचा आणि पृथ्वीचाही

होळी झाली की आपल्या जिल्ह्यात ऊन जाणवू लागते आणि दवाखान्यात एक तक्रार हमखास ऐकू येते : "डॉक्टर, ऊन लागलं, अंग तापलंय, तापाची गोळी द्या." पुष्कळांनी पॅरासिटामॉलची गोळी घरीच घेतलेली असते. पण उष्माघातावर ही गोळी चालत नाही. ती का चालत नाही, हे कळले तर सध्या सर्वत्र चर्चा असलेला जागतिक हवामानबदलही समजायला सोपा जातो.

जंतुसंसर्गाच्या तापात मेंदूतील नियंत्रक केंद्रच शरीराचे तापमान मुद्दाम वाढवते. गोळी त्या केंद्राला शांत करते. उष्माघातात मात्र केंद्राने तापमान वाढवलेले नसते. अंगातील उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही, म्हणून ती साचते. स्वस्थ बसलेला माणूसही साधारण १०० वॉटच्या दिव्याइतकी उष्णता निर्माण करतो, आणि ऊस तोडणारा किंवा कांदा काढणारा मजूर त्याच्या कितीतरी पट. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की ही उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणे. घाम नुसता येऊन भागत नाही. दमट हवेत तो अंगावरून निथळतो, पण वाळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. त्या दिवशी त्या भागात पारा चाळिशीच्या आतच होता. तेव्हा केवळ पाऱ्यावर विसंबू नये.

पृथ्वीचेही नेमके असेच आहे. सूर्यप्रकाशाने जमीन तापते आणि ती उष्णता पुन्हा आकाशात सोडते. कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांसारखे वायू या बाहेर जाणाऱ्या उष्णतेचा काही भाग अडवतात. हे वायू मुळीच नसते तर पृथ्वी गोठली असती. परंतु दगडी कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आणि जंगले तोडून आपण ही गोधडी जाड करीत आलो आहोत. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, ते आज ४२० च्या वर गेले आहेत. २०२४ हे नोंदी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सरासरीपेक्षा ते सुमारे दीड अंशाने अधिक होते.

दीड अंशाने काय होते, असे कोणी विचारील. ३७ वरून साडेअडतीसवर गेलेला माणूस अंथरूण धरतो, हे आपण जाणतोच. शिवाय हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा कोसळतो आणि मधले खंड अधिक कोरडे जातात. आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. पाऊस हुकला की पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील कुटुंबे कोयता घेऊन बाहेर पडतात. ज्यांनी हा धूर सर्वांत कमी केला, त्यांच्याच डोक्यावर ऊन सर्वांत जास्त.

रात्री उकडणे हेही दुखणेच आहे. पत्र्याच्या खोलीत रात्रभर अंग निवले नाही, तर हृदय व मूत्रपिंडांना विसावा मिळत नाही. वृद्ध, गरोदर स्त्रिया, तान्ही मुले, मधुमेही आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे यांना धोका अधिक.

आता उपाय. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागायचे थांबत नाही. त्याऐवजी :

१) कष्टाचे काम सकाळी अकराच्या आत व चारनंतर करावे. मुकादम आणि ठेकेदारांनी सावली व पाणी जवळ ठेवावे.

२) तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, पन्हे किंवा ओ.आर.एस. प्यावे. हृदयविकार वा मूत्रपिंडविकार असलेल्यांनी पाणी-मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

३) चक्कर, पायात गोळे, मळमळ जाणवताच काम थांबवून सावलीत बसावे.

४) माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले वा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी! कपडे सैल करून अंगभर पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत व जांघेत बर्फ ठेवावा आणि १०८ ला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. आधी अंग थंड करा, मग दवाखाना गाठा.

पृथ्वीलाही तापाची गोळी नाही. उष्णतेची वाट अडवणारा धूर कमी करणे हाच मूळ उपचार, आणि त्याचा मोठा वाटा श्रीमंत देशांनी व मोठ्या उद्योगांनी उचलला पाहिजे. पण आपल्या हाती काहीच नाही असे नव्हे. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि शेतीसाठी बोअरवेलबंदी पाळून पाणी व झाडी राखली. जगाचे हवामान त्याने बदलत नाही. मात्र विहिरीला पाणी आणि बांधावर सावली असलेल्या गावातला मजूर भर उन्हात घटकाभर टेकू शकतो. माझ्या वैद्यकीय दृष्टीने ते औषधच आहे.