मानसशास्त्राची पदवी म्हणजे उपचाराचा परवाना नव्हे

वाराणसी : काशी हिंदू विश्वविद्यालयात मानसशास्त्र विभाग समाजविज्ञान विद्याशाखेत आहे, तर मनोविकारशास्त्र विभाग त्याच आवारातील सर सुंदरलाल रुग्णालयाशी जोडलेला आहे. बाहेरच्या माणसाला हे दोन विभाग एकच वाटतात. पदवीच्या पहिल्या वर्षात पाऊल ठेवणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचीही तीच समजूत असते. प्रत्यक्षात मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकाची पदवी घेऊन मनोविकारांवर औषधोपचार करणारा डॉक्टर असतो. मानसशास्त्राचा विद्यार्थी मात्र माणूस पाहतो कसा, लक्षात ठेवतो कसा, विसरतो का आणि समूहात निराळा का वागतो, याचा अभ्यास करतो. हा फरक प्रवेशापूर्वी समजला नाही, तर पाच वर्षांनंतर तो महागात पडू शकतो.

मानसशास्त्राकडे येणाऱ्यांची कारणे बहुधा व्यक्तिगत असतात. कोणी घरातील आजारपण जवळून पाहिलेले असते, कोणाला स्वतःच्या अस्वस्थतेचा उलगडा हवा असतो, तर कोणाला समुपदेशक व्हायचे असते. वर्गात मात्र पहिली गाठ पडते ती सरासरी, प्रमाण विचलन आणि सहसंबंध यांच्याशी. बारावीपर्यंत कला शाखेत शिकलेल्या आणि गणित सोडून आलेल्या विद्यार्थ्यांना हा पहिला धक्का असतो. दुसरा धक्का प्रयोगशाळेचा. तेथे रुग्ण नसतो, मनोविश्लेषणाचा पलंगही नसतो. असतात त्या निरर्थक शब्दांच्या याद्या, आरशात पाहून आकृती गिरवण्याचे उपकरण आणि लांबीचा भास निर्माण करणाऱ्या बाणांच्या रेषा. वर्गमित्रालाच समोर बसवायचे, त्याने केलेल्या चुका मोजायच्या आणि निष्कर्ष लिहायचा, हा प्रात्यक्षिकांचा नित्यक्रम.

ही शिस्त या विषयाच्या जन्मापासूनची आहे. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे प्रयोगशाळा उभारली आणि तत्त्वज्ञानाच्या छायेतील मानसशास्त्राला स्वतंत्र विज्ञानाची वाट मिळाली. भारतात १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने प्रायोगिक मानसशास्त्राचा पहिला विभाग सुरू केला; हार्वर्डमध्ये शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता त्याचे प्रमुख होते. योगायोग असा, की पंडित मदनमोहन मालवीय यांच्या प्रयत्नांतून साकारलेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयाची पायाभरणीही त्याच वर्षी, ४ फेब्रुवारीला झाली. मनासंबंधी काही बोलण्यापूर्वी निरीक्षण करा, मोजा आणि मग बोला, हा संस्कार तेव्हापासून या विषयासोबत चालत आला आहे.

तिसरी अडचण भाषेची. केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, म्हणजे ‘सीयूईटी’मध्ये, २०२२ पासून काशी हिंदू विश्वविद्यालय सहभागी आहे. पदवी प्रवेशाची ही परीक्षा मराठीसह तेरा भाषांत देता येते. वर्गात आल्यावर मात्र प्रमाणग्रंथ बहुतांशी इंग्रजीत आणि चर्चा हिंदीत, अशी स्थिती असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक पेच उभा राहतो. मराठी पाठ्यपुस्तकांत ज्ञानेंद्रियांवर उमटणाऱ्या प्राथमिक ठशाला ‘वेदन’ म्हणतात आणि त्या ठशाला अर्थ लावण्याच्या प्रक्रियेला ‘संवेदन’. हिंदीत मात्र ‘संवेदन’ हा शब्द पहिल्या अर्थाने वापरतात. दुसऱ्यासाठी ‘प्रत्यक्षण’ असा शब्द आहे. लिपी एक, शब्द एक, अर्थ वेगळा. शब्द ओळखीचा आहे म्हणून पुढे गेलेला विद्यार्थी नेमका येथेच चुकतो.

या अडचणींच्या पलीकडे वाराणसीत शिकण्याचे एक खास मोल आहे. पाश्चात्त्य ग्रंथांतील सिद्धांत येथील माणसांना लागू पडतो का, हा प्रश्न या शहरात केवळ पुस्तकी राहत नाही. त्याचे उत्तम उदाहरण येथील मानसशास्त्र विभागातील प्रा. रमेश सी. मिश्र आणि जिनिव्हा विद्यापीठाचे प्रा. पिएर दासेन यांच्या संशोधनाचे आहे. त्यांचा ग्रंथ केंब्रिज विद्यापीठ मुद्रणालयाने २०१० मध्ये प्रसिद्ध केला. मूल जागेचा विचार आधी स्वतःच्या शरीराच्या संदर्भाने, म्हणजे डावे-उजवे असा करते, अशी मानसशास्त्रात रुळलेली समजूत होती. भारत, नेपाळ आणि इंडोनेशियातील बाली येथील मुलांचा अभ्यास करताना या संशोधकांना वेगळे चित्र दिसले. अनेक मुले लहान वयातच पूर्व-पश्चिम, वरचा उतार-खालचा उतार अशा बाहेरच्या जगाच्या खुणांनी वस्तूंची जागा सांगत होती. वाराणसीतील संस्कृत पाठशाळांतील मुलांमध्ये ही प्रवृत्ती अधिक ठळक होती. पूजाविधीत आणि नित्याच्या आचारात दिशांना असलेले महत्त्व हे त्यामागचे एक कारण मानले गेले.

या संशोधनातून विद्यार्थ्याला मिळणारा धडा मोठा आहे. ‘माणूस असाच असतो’ हे विधान करण्यापूर्वी ‘कोणता माणूस, कोठला, कोणत्या भाषेत वाढलेला’ असे विचारावे लागते. हीच सवय पुढे सल्ला मागायला आलेल्या व्यक्तीशी बोलताना उपयोगी पडते. ‘माझ्या मनात आता काय चालले आहे ते सांग’ अशी थट्टा नातेवाईक करतात, तेव्हा ‘विचारल्याशिवाय सांगता येणार नाही’ हेच या शास्त्राचे प्रामाणिक उत्तर असते.

खरा पेच पदवीनंतर समोर येतो. बी.ए. आणि एम.ए. पूर्ण केल्यावर आपण रुग्णांवर मानसोपचार करू शकू, अशी अनेकांची अपेक्षा असते. कायदा तसे मानत नाही. ‘चिकित्सा मानसशास्त्रज्ञ’ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण आणि परिषदेकडील नोंदणी आवश्यक असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील व्याख्याही पदव्युत्तर पदवीनंतर देखरेखीखालील रुग्णसेवेसह दोन वर्षांच्या पूर्णवेळ प्रशिक्षणाची किंवा परिषदेच्या मान्यताप्राप्त पात्रतेची अट घालते. आजवर हा मार्ग मुख्यतः दोन वर्षांच्या एम.फिल. अभ्यासक्रमातून जात असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम.फिल. पदवी बंद केली; या विषयासाठी मात्र अपवाद करून २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदतवाढ दिली. म्हणजे जुना दरवाजा बंद होत असताना नव्या दरवाजाची चौकशी करण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावरच येते.

समुपदेशक आणि इतर मानसशास्त्रज्ञांचे क्षेत्रही आता नियमनाच्या कक्षेत येत आहे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात वर्तन-आरोग्य क्षेत्रातील व्यावसायिकांचा समावेश आहे. या कायद्याच्या कक्षेतील विषय म्हणून मानसशास्त्राला २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने प्रवेश देऊ नये, असे निर्देश आयोगाने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, दिले. नोकरी सांभाळून घरबसल्या ही पदवी घेऊ पाहणाऱ्यांसाठी हा मोठा बदल आहे.

दुसरीकडे, प्रशिक्षित हातांची गरज वाढतच आहे. ‘निम्हान्स’ संस्थेने बारा राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमणे अपेक्षित आहे. यातील ‘पात्र’ हा शब्द महत्त्वाचा. पुरेशा प्रशिक्षणाविना दिलेला सल्ला व्यथित माणसाला मदतीपासून दूर नेऊ शकतो.

त्यामुळे प्रवेशापूर्वी काही गोष्टी तपासून घेणे हिताचे ठरते. अध्यापन, संशोधन, मनुष्यबळ व्यवस्थापन की रुग्णसेवा, यांपैकी कोठे जायचे ते आधी ठरवावे. रुग्णसेवा हवी असेल तर संबंधित अभ्यासक्रम पुनर्वास परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे स्वतः पाहावे. केवळ माहितीपत्रकावर विसंबू नये. संख्याशास्त्राची भीती पहिल्याच सत्रात दूर करावी. आणि हा विषय शिकताना स्वतःच्या मनावर ताण आला, तर पुस्तकातील लक्षणे स्वतःला लावत बसण्यापेक्षा तज्ज्ञाकडे जावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. इतरांना आधार देण्याची इच्छा धरून आलेल्या विद्यार्थ्याने स्वतः आधार मागण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.