घरच्या पवनचक्कीची राखण

वारा पाहून पाठ द्यावी, असे आपली जुनी माणसे सांगत आली. खळ्यात उपणणी करणाऱ्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. पण विजेसाठी घरी बनवलेल्या पवनचक्कीला मात्र ते आपणच शिकवावे लागते, बरं का!

साक्री तालुक्यातील मंडळींना पवनचक्की नवी नाही. ब्राह्मणवेलच्या परिसरातले उंच मनोरे आपण जाता-येता पाहता. वारा फार झाला की अशी मोठी यंत्रे आपली पाती वळवून घेतात, आणि ताशी सुमारे ९० किलोमीटरच्या पुढे बहुधा थांबतात. ते पाहून एखादे गुरुजी मुलांना हाताशी धरून लाकडी पाती नि लहानसे जनित्र जोडतात, बॅटरी भरतात, दिवा लावतात. उद्योग चांगला आहे. १८८७ साली स्कॉटलंडमध्ये प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी कापडी शिडांच्या चक्कीने आपल्या घरात असेच दिवे लावले होते. मात्र खरी परीक्षा होते ती वळवाच्या वादळात.

हिशेब असा आहे. ताशी १५ किलोमीटरचा वारा ४५ झाला, म्हणजे तिप्पट झाला, तर पात्यांवरचा दाब नऊपट होतो आणि वाऱ्यातली शक्ती २७ पट! तेव्हा तुटलेले पाते कोयत्यासारखे दूर फेकले जाते. म्हणून चक्की घरापासून, गोठ्यापासून आणि शाळेच्या पटांगणापासून लांबच असावी.

मग तिने पाठ द्यायची कशी? चाकाचा मध्य खांबाच्या मध्यापासून जरा बाजूला ठेवावा, आणि शेपटी किंचित कललेल्या बिजागरीवर बसवावी. वारा वाढला की चाक आपोआप बाजूला वळते. ओसरला की शेपटी स्वतःच्या वजनाने खाली येते आणि चाक पुन्हा वाऱ्यासमोर आणते. ही बिजागरी गंजली तर सगळेच फसते. तिला ग्रीस द्यायला विसरू नका. चाक जोरात फिरत असताना बॅटरीची तारही सोडू नका. ओझे उतरले की ते बेफाम सुटते.

आता पाण्याचे पाहू. जनित्रावर पत्र्याची टोपी घालावी, पण त्याला सगळीकडून बुजवू नये. आत दमट हवेचे पाणी साचते. ते निघून जाण्यासाठी तळाला बारीक भोक हवे. तार आत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे थेंब झोळावरूनच गळून पडतील. पात्यांना जवसाचे तेल पाजून वर रंग द्यावा. एकच पाते पाणी प्याले तरी तोल जातो आणि सगळा खांब थरथरू लागतो.

खांबाला निदान तीन बाजूंनी ताणाच्या तारा लागतात. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तीत ठोकलेला खुंटा ढिला होतो. काळी माती ओलांडून मुरमापर्यंत खोदावे व काँक्रीटमध्ये खुंटा बसवावा. खांबाच्या बुडाशी बिजागरी ठेवली, तर वादळाची चाहूल लागताच दोरखंडाने तो सावकाश आडवा करता येतो. चार माणसे बरोबर घ्यावीत, आणि खांबाच्या पडण्याच्या बाजूला कोणी उभे राहू नये.

विजेसाठी लोखंडी खांब जाड तांब्याच्या तारेने जमिनीत खोल जोडावा. त्याने धोका कमी होतो, टळत नाही. म्हणून ढग गडगडू लागले की खांबाजवळ जाऊ नये. चक्की आडवी करायची ती त्याआधीच.

गुरुजी, एक विनंती. रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी एका सकाळी, वारा पडलेला असताना, खांब खाली घ्या. मुलांकडून पात्यांच्या चिरा, तारांचा ताण, ढिले नट तपासून घ्या आणि वहीत तारखेसह लिहून ठेवायला सांगा. पुढच्या वर्षी तीच वही उघडून तपासणीला बसा.