मारबतीच्या दिवशीचा दुरंगी पेला

पोळा सरला की दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळ्या मारबतीची १८८५ पासूनची मानली जाते. बांबू आणि कागदाच्या या अजस्र, उग्र पुतळ्यांची मिरवणूक निघते, त्यांच्यासोबत बडगे असतात, आणि साऱ्या गावाची ईडापीडा व रोगराई घेऊन जाण्याची विनवणी करून अखेरीस त्यांचे दहन होते. कामठीहूनही दरवर्षी कितीतरी कुटुंबे ही मिरवणूक पाहायला जातात. भीतीला रस्त्यावर आणून, तिची थट्टा करून, तिला गावाबाहेर घालवून देण्याचा हा आपला जुना उत्सव आहे.

त्याच दिवशी तान्हा पोळाही असतो. मुले लाकडी नंदी सजवतात, आणि अलीकडे संध्याकाळी घरी ‘भुतांची पार्टी’ करण्याचा हट्टही धरतात. कुणी मारबत होतो, कुणी बडग्या, कुणी दूरचित्रवाणीवर पाहिलेला सांगाडा. या दिवसाला आणखीही एक बाजू आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे अनेक घरांत मटणाचा बेत असतो, आणि त्यासोबत मद्याची बाटलीही उघडली जाते. अशा संध्याकाळी घरातील आजी-आजोबांच्या हाती काय द्यावे, हा प्रश्न बहुधा शेवटच्या क्षणी उभा राहतो. मग त्यांच्यासमोर साधे पाणी किंवा कोमट दूध ठेवले जाते आणि ते कोपऱ्यातील खुर्चीवरून इतरांची गंमत पाहत बसतात.

पेला एकच असावा

वाचकहो, माझे सांगणे साधे आहे. घरातील सर्वांत अशक्त माणसाला चालेल असे पेय करावे आणि तेच सर्वांना द्यावे. नातवाला चालणारे पेय आजोबांना चालेलच असे नाही. मात्र आजोबांना चालणारे पेय बहुतेक वेळा नातवाला चालते. यात केवळ सोय नाही. वयामुळे आणि आजारांमुळे माणसाच्या ताटातून एकेक पदार्थ कमी होत जातो. सणाच्या दिवशी तरी त्याला पंक्तीबाहेर बसवू नये.

दुसरे कारण वैद्यकीय आहे. ज्या घरात शीतपेयाच्या बाटलीत गुपचूप मद्य मिसळले जाते, तेथे कोणता पेला कोणाचा, हे रात्री आठनंतर कोणी सांगू शकत नाही. झोपेच्या किंवा मन शांत ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाच्या पोटात थोडे मद्य गेले तरी गुंगी वाढते, तोल जातो, आणि पडून खुब्याचे हाड मोडू शकते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्यांना आणि जुलाबावर मेट्रोनिडाझोल चालू असणाऱ्यांनाही मद्य वर्ज्य आहे. मधुमेही व्यक्तीच्या यकृतातून रक्तात साखर सोडण्याचे काम मद्यामुळे मंदावते. साखर एकदम उतरते, आणि तिची लक्षणे नशेसारखीच दिसत असल्याने सभोवतालचे लोक ‘थोडी चढली असेल’ म्हणून दुर्लक्ष करतात. म्हणून त्या संध्याकाळी पाहुण्यांसमोर एकच मद्यरहित पेय असावे आणि त्याचा जग घरातील जबाबदार व्यक्तीच्या नजरेसमोर असावा. ‘अल्कोहोलमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बीअरमध्येही अर्ध्या टक्क्यापर्यंत मद्यार्क असू शकतो, हे ध्यानात असू द्यावे.

साहित्य आणि कृती

हा पेला दोन्ही मारबतींचा आहे. तळाशी पिवळी, वर काळसर लाल. पुढील प्रमाण आठ जणांसाठी, प्रत्येकी १५० मिलिलिटरचे आहे.

वरच्या थरासाठी १५ ते २० आमसुले पाण्याने चांगली धुऊन घ्यावीत, म्हणजे वरचे मीठ निघून जाईल. ती ६०० मिलिलिटर कोमट पाण्यात तासभर भिजवावीत, हाताने कुस्करून गाळावीत आणि त्यात पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. वेगळे मीठ घालू नये. बाजारातील आगळ वापरू नये, कारण ते टिकावे म्हणून त्यात भरपूर मीठ असते. आमसूल आंबट असल्याने तांब्याचे, पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे टाळून स्टीलचे अथवा काचेचे घ्यावे.

खालच्या थरासाठी बोटाच्या पेराएवढे आले ठेचून, चिमूटभर हळदीसह एक कप पाण्यात पाच मिनिटे उकळावे. हळदीचा कच्चा वास त्यामुळे जातो. गाळून त्यात चहाचे आठ चमचे साखर विरघळवावी, थंड झाल्यावर तीन लिंबांचा रस घालावा आणि उकळून गार केलेले पाणी घालून एकूण ६०० मिलिलिटर करावे.

आधी पेल्यात अर्ध्यापर्यंत पिवळे पेय ओतावे. मग चमचा उपडा धरून त्याच्या पाठीवरून आमसुलाचे पाणी अगदी सावकाश सोडावे. साखरेचे पाणी जड असल्याने खाली राहते आणि बिनसाखरेचे वर तरंगते. म्हणून सगळी साखर खालच्याच थरात घालायची. मुलांना हा प्रयोग करायला द्यावा. पिण्यापूर्वी सर्वांनी आपापला पेला ढवळावा. दोन्ही मारबती एकमेकींत मिसळतात आणि तांबूस केशरी रंग येतो. ज्यांना साखर अजिबात नको, त्यांचे पिवळे पेय बिनसाखरेचे ठेवावे. थर जमणार नाहीत, परंतु ढवळल्यावर तो पेला इतरांसारखाच दिसतो.

दिवस भाद्रपदाचे, म्हणजे पावसाळ्याचे. काविळीचा आणि विषमज्वराचा धोका लक्षात घेऊन पेयाचे आणि बर्फाचेही पाणी उकळून गार केलेले असावे. बाहेरून विकत आणलेली बर्फाची लादी पेयात घालू नये.

हीच कृती ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला करायची असेल, तर तोवर आंबिया बहराची नागपुरी संत्री बाजारात येऊ लागतात. पिवळ्या थराऐवजी संत्र्याचा ताजा रस वापरावा. त्यात स्वतःची साखर पुरेशी असल्याने वरून घालण्याची गरज नाही आणि थरही नीट जमतात.

साखर, मीठ आणि पाणी

वरील एका पेल्यात चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम साखर पडते. बाजारातील २०० मिलिलिटर कोलामध्ये ती २० ग्रॅमच्या आसपास असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. गूळ आणि मध आरोग्यदायी समजून मधुमेहींना मुक्तपणे दिले जातात; रक्तातील साखर त्यांनीही वाढतेच.

याची दुसरी बाजूही काळजीवाहकांनी लक्षात ठेवावी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या व्यक्तीचे जेवण समारंभामुळे लांबले, तर साखर उतरू शकते. दरदरून घाम, हातांची थरथर, छातीत धडधड, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी बिनसाखरेचा पेला उपयोगाचा नाही. चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग जेवण द्यावे. त्यासाठी साखरेचा डबा स्वयंपाकघरात कुठे आहे, हे पाहुण्यांपैकी एकाला तरी ठाऊक असावे.

मिठाबाबत एक गैरसमज दृढ आहे. सैंधव आणि काळे मीठ रक्तदाबाला चालते, असे अनेकांना वाटते. दोन्हींत मुख्यतः सोडियमच असते. दिवसाकाठी एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, त्यात हेही आले. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. संत्र्याचा रस आणि नारळपाणी यांतही पोटॅशियम बरेच असल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तेही विचारूनच घ्यावे.

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंद होते. म्हणून धडधाकट आजी-आजोबांना मिरवणुकीहून परतल्यावर हा पेला आठवणीने द्यावा. मात्र हृदय कमकुवत असलेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या व्यक्तीला दिवसाच्या पाण्याचे माप ठरवून दिलेले असते. हे १५० मिलिलिटर त्या मापात धरावेत. रात्री लघवीला वारंवार उठावे लागत असेल तर पेय संध्याकाळी सहाच्या आत द्यावे. ज्यांना आंबटाने छातीत जळजळते त्यांना अर्धाच पेला, तोही जेवणासोबत द्यावा. आणि नेहमीच्या गोळ्या साध्या पाण्यासोबतच घ्याव्यात, सरबतासोबत नव्हे.

देखावा हवा, धोका नको

भुतांच्या मेजवानीत पेय भीतिदायक दिसावे म्हणून आजकाल काही क्लृप्त्या पसरल्या आहेत. त्यांतील चार स्पष्टपणे टाळाव्यात.

पहिली, पेल्यातून धूर काढण्यासाठी कोरडा बर्फ. हा गोठलेला कार्बन डायऑक्साइड असून त्याचे तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राममधील एका उपाहारगृहात मुखवास समजून तो तोंडात घेतलेल्या पाच जणांच्या तोंडातून रक्त आले होते. धूर हवाच असेल तर जगामागे गरम पाण्याचे पातेले मुलांच्या हाताबाहेर ठेवावे. वाफेने काम भागते.

दुसरी, पेय काळेभोर करण्यासाठी वापरली जाणारी कोळशाची औषधी पूड. विषबाधेत ती दिली जाते, कारण पोटातील द्रव्ये ती स्वतःला चिकटवून घेते. त्याच गुणामुळे ती रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळीही निकामी करू शकते.

तिसरी, अतिनील दिव्याखाली चमकणारे टॉनिक वॉटर. त्यातील क्विनाइनमुळे ते चमकते; पण डिगॉक्सिन, वॉरफरिन किंवा हृदयाच्या ठोक्यांवरील औषध घेणाऱ्यांनी त्यापासून दूर राहिलेले बरे.

चौथी, डोळ्यांसारखी दिसणारी सोललेली लिची, अखंड द्राक्षे किंवा जेलीचे गोळे. लहान मुलांच्या आणि कवळी लावणाऱ्या वृद्धांच्या घशात ते अडकू शकतात.

बीट वापरण्यास हरकत नाही. मात्र दुसऱ्या दिवशी काहींची लघवी वा शौच लालसर होते आणि रक्त समजून घर हादरते. आधीच सांगून ठेवलेले बरे.

ज्यांना पातळ पदार्थ गिळता येत नाहीत

पक्षाघात किंवा पार्किन्सनच्या रुग्णाला पाण्यासारखे पातळ पेय पिताना ठसका लागतो आणि ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. पेय घट्ट करून द्यायचे की नाही आणि किती, हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच करावे. त्यांना ताठ बसवावे, चमच्याने थोडे थोडे द्यावे, पिऊन झाल्यावर अर्धा तास आडवे करू नये. सब्जाचे दाणे त्यांच्या पेल्यात घालू नयेत.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला मुखवटा हा मुखवटा आहे, हे उमगत नाही. त्यांच्यासमोर मुलांनी आधी तोंड उघडे ठेवून यावे, नाव सांगावे, हातात पेला द्यावा आणि मगच सोंग घ्यावे. ज्या खोलीत वृद्ध बसतात तिथला दिवा विझवू नये, जमिनीवर दोऱ्यांची जाळी पसरू नये आणि स्वच्छतागृहाकडची वाट मोकळी ठेवावी.

कधी थांबू नये

पेय घेतल्यावर ठसका थांबत नसेल, आवाज घोगरा किंवा ओला येत असेल, श्वास लागत असेल, ओठ निळसर पडत असतील, तर सकाळची वाट पाहू नये. साखर उतरलेली व्यक्ती बेशुद्ध असेल तर तिच्या तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आदल्या दिवशीच घरातील वृद्धांच्या औषधांची यादी एका कागदावर लिहून शीतकपाटाच्या दारावर लावली, तर निम्मी घाई वाचते.

मारबतीला आपण रोगराई घेऊन जायला सांगतो. त्यातला आपल्या वाट्याचा भाग उकळलेल्या पाण्याने, मोजलेल्या साखरेने आणि लावून ठेवलेल्या दिव्याने पार पडतो. पहिला पेला आजीच्या हाती द्या, आणि ढवळण्याची खूण तिलाच करू द्या.