मुकी सुई आणि पाघळलेले मीठ

बऱ्याच शाळांच्या अडगळीच्या खोलीत एखादा जुना रेकॉर्ड प्लेअर असतो. एके काळी स्नेहसंमेलनाला, पंधरा ऑगस्टला तो बाहेर निघायचा. पुढे टेपरेकॉर्डर आला आणि याच्यावर वह्यांचे गठ्ठे चढले. आमच्या एका शिक्षक मित्राने असाच एक प्लेअर झाडून-पुसून चालू केला. तबकडी फिरू लागली, पण आवाज नाही. तारा बदलल्या, ॲम्प्लिफायर बदलला, तरीही नाही. शेवटी तो प्लेअर आमच्याकडे आला.

आम्ही आवाजाचे बटण शून्यावर आणले, सुई तबकडीवर टेकवली आणि कान सुईजवळ नेला. बारीक, पत्र्यावर वाजावा तसा, पण गाणे ओळखू येईल असा आवाज येत होता. म्हणजे तबकडीच्या चरात गाणे शाबूत होते आणि सुईही थरथरत होती. मग बिघाड कुठे? थरथरीचे विजेत रूपांतर करणाऱ्या भागात. सुईच्या वर बसवलेल्या या छोट्या डबीला कार्ट्रिज म्हणतात. आम्ही ती जपून उघडली. आत पांढरट, ओलसर लगदा होता. कार्ट्रिजमधले मीठ पाघळले होते!

दाबले की वीज

हे आपल्या जेवणातले मीठ नव्हे. याचे नाव रोशेल मीठ, म्हणजे सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट. फ्रान्समधील ला रोशेल या बंदराच्या गावी सतराव्या शतकात एका औषधविक्रेत्याने ते तयार केले आणि रेचक म्हणून ते खपू लागले. आपल्या प्रयोगशाळेलाही ते अनोळखी नाही. फेहलिंगच्या दोन द्रावणांपैकी दुसऱ्यात तेच असते.

१८८० साली पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी दाखवून दिले की क्वार्ट्झ, तोरमल्ली, रोशेल मीठ यांसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठांवर विद्युतभार जमतो. असे का व्हावे? या स्फटिकांत धन आणि ऋण भारांची मांडणी पुरती सममित नसते. स्फटिक वाकला किंवा पिळला गेला की धन भारांचे केंद्र एकीकडे आणि ऋण भारांचे दुसरीकडे सरकते. यालाच दाबविद्युत परिणाम म्हणतात. रोशेल मिठात तो फारच जोरदार असतो.

कार्ट्रिज बनवणाऱ्यांनी याचाच उपयोग केला. मिठाच्या दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवायच्या आणि सुईची थरथर त्यांच्यापर्यंत पोचवायची. चकत्या किंचित पिळल्या जातात आणि सुमारे एक व्होल्टपर्यंत विद्युतदाब मिळतो. एवढ्यावर साधा, स्वस्त ॲम्प्लिफायर सहज चालतो. घरोघरी परवडेल असा रेकॉर्ड प्लेअर शक्य झाला त्यात या मिठाचा वाटा मोठा आहे.

पण मीठ ते मीठच! त्याच्या प्रत्येक घटकात पाण्याचे चार रेणू बांधलेले असतात. हवा फार दमट झाली तर ते पाणी ओढून विरघळते. फार कोरडी झाली तर स्वतःचे पाणी गमावून त्याची भुकटी होते. तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की स्फटिक मोडतो. कोकणातला पावसाळा आणि विदर्भातला पत्र्याखालचा उन्हाळा, दोन्ही त्याचे वैरी. म्हणून पुढे बेरियम टायटानेटसारख्या सिरॅमिक पदार्थांनी त्याची जागा घेतली. त्यांच्यापासून मिळणारा विद्युतदाब कमी, पण पावसाची भीती नाही.

चुंबकाची वाट

दुसरा मार्ग आपण शाळेत शिकवतो तोच, फॅरेडेचा. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलला की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. सुईच्या दांडीच्या दुसऱ्या टोकाला इवलासा चुंबक बसवला आणि वेटोळी स्थिर ठेवली की झाले चल-चुंबक कार्ट्रिज. उलट चुंबक स्थिर ठेवून वेटोळीच हलवली तर ते चल-वेटोळे कार्ट्रिज. डेन्मार्कच्या ऑर्टोफोन कंपनीने १९४८ साली असे कार्ट्रिज आणले. जपानच्या डेनॉनचे डीएल-१०३ हे तिथल्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी १९६०च्या दशकात घडवले गेले. त्याचे उत्पादन २०२० नंतरही चालू राहिले, इतके ते रसिकांच्या पसंतीस उतरले.

इथे एक गंमत आहे. स्फटिकाला कळते ती सुई किती सरकली हे अंतर. चुंबकाला कळतो तो सुईचा वेग. १९५४ पासून रूढ झालेल्या पद्धतीत तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबतात, नाहीतर चर फार रुंद होतील. तार स्वर वाढवतात, म्हणजे खरखर झाकली जाते. अशा चरातून स्फटिकाला मूळ गाण्याच्या बरेच जवळचे रूप आपोआप मिळते. चुंबकाला मात्र उलटी दुरुस्ती करणारे वेगळे परिपथ लागते. शिवाय त्याचा विद्युतदाबही अगदी कमी असतो. चल-चुंबकाचा काही मिलिव्होल्ट, तर डीएल-१०३चा अवघा ०.३ मिलिव्होल्ट. जुने कार्ट्रिज बदलून चुंबकीय बसवले आणि आवाज क्षीण, किरटा आला, तर दोष कार्ट्रिजचा नव्हे हे ध्यानात घ्यावे.

काय जुने चालेल, काय नाही

जुनी कार्ट्रिजे ऐकण्यात आनंद आहे यात शंका नाही. पण त्याची किंमत तबकडीने मोजू नये. एक ढोबळ गणित करू. सुई १.५ ग्रॅम वजनाने टेकते असे समजा. चराच्या दोन्ही भिंती ४५ अंशांत कललेल्या, म्हणून प्रत्येक भिंतीवर सुमारे ०.०१ न्यूटन बल येते. स्पर्शाचे क्षेत्रफळ ५० चौरस मायक्रोमीटर धरले, तर दाब येतो २० कोटी पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोन हजार पट! जुनी स्फटिक कार्ट्रिजे तर पाच ग्रॅम आणि त्याहूनही अधिक वजनाने टेकत. शिवाय एलपीच्या एका बाजूचा चर उलगडला तर सुमारे चारशे मीटर भरतो. इतके घासून सुईचे गोल टोक झिजते, त्याला पटाशीसारख्या कडा येतात आणि त्या कडा चराच्या भिंती खरवडतात. झालेली इजा पुन्हा भरून येत नाही.

म्हणून कार्ट्रिजमधला कोणता पदार्थ म्हातारा होतो ते पाहावे. तांब्याची तार आणि चुंबक पन्नास वर्षांनीही बहुधा ठणठणीत असतात. रोशेल मीठ बहुधा मेलेले असते. दांडी तोलून धरणारे रबर कडक झालेले असते. टोक नीलमण्याचे असेल तर ते काही डझन तासांतच झिजते; हिऱ्याचे काहीशे तास टिकते. चल-चुंबक कार्ट्रिजात चुंबक, रबर आणि सुई हा भाग ओढून काढता येतो. डबी जुनी आणि सुई नवी, हा मेळ सर्वांत उत्तम. आणखी एक पथ्य म्हणजे ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची सुई एलपीवर कधीही टेकवू नये. तिचे टोक एलपीच्या सुईच्या जवळजवळ तिप्पट जाड असते.

वर्गात करून पाहा

रोशेल मिठाचे कोमट पाण्यात संपृक्त द्रावण करा, गाळा आणि झाकून हळूहळू थंड होऊ द्या. मिळालेल्या स्फटिकांतला एक चांगला निवडा, दोऱ्याने बांधा आणि खोलीच्या तापमानाला संपृक्त केलेल्या द्रावणात काही दिवस टांगून ठेवा. बोटाच्या पेराएवढा स्फटिक झाला की कोरडा करा. समोरासमोरच्या दोन पृष्ठांवर ॲल्युमिनियमचा वर्ख चिकटवा आणि दोन तारा ॲम्प्लिफायरच्या माइकच्या जागी जोडा. आता नादकाटा वाजवून त्याचा दांडा स्फटिकाला टेकवा. आवाज आला नाही तर पृष्ठांची दुसरी जोडी घेऊन पाहा. (स्फटिक कोणी तोंडात घालू नये, हे सांगायला नकोच.)

मित्राच्या प्लेअरला आम्ही सिरॅमिक कार्ट्रिज आणि नवी सुई बसवली. शाळेच्या तबकड्या पुन्हा वाजू लागल्या. त्याच आठवड्यात त्याच्या नववीच्या मुलांनी वाढवलेल्या स्फटिकातून नादकाट्याचा स्वर स्पीकरवर आला. तो ऐकून एका मुलीने विचारले, "सर, पावसाळ्यात हा कुठे ठेवायचा?" सध्या तो घट्ट झाकणाच्या बरणीत आहे, आणि हवा किती कोरडी असलेली चालेल याची नोंद मुले रोज ठेवत आहेत.