तेलविहिरीतली सबमर्सिबल

विहिरीतला दाब ओसरला, की तेल आपणहून वर येत नाही. मग बोअरवेलमध्ये सोडतात तसाच, पण कितीतरी खोल, विजेचा बहुटप्पी पंप सोडावा लागतो. अर्माइस अरुतुनॉफ यांचा असा पंप १९२०च्या दशकात अमेरिकेत कॅन्ससच्या तेलक्षेत्रात पहिल्यांदा चालला.

त्याचा खरा शत्रू वायू. पंपाच्या तोंडाशी दाब घसरला, की तेलात विरघळलेला वायू सुटतो, पात्यांत अडकतो आणि पंप नुसताच फिरत राहतो. खालची मोटार शेजारून वाहणाऱ्या तेलानेच थंड राहते. प्रवाह थांबला, की ती जळते. मग अख्खी नळी उपसावी लागते. समुद्रात तर हा खर्च अफाट! म्हणून वायू आधीच वेगळा करणारे यंत्र, तळाशी दाब-तापमानाचे सेन्सर आणि वेग बदलणारा ड्राइव्ह हवाच. माझ्या मते ड्राइव्ह सर्वांत मोलाचा: आदर्श गणिताने वेग १० टक्के उतरवला, तर प्रवाह तेवढाच घटतो, वीज मात्र सुमारे २७ टक्के वाचते.

मुंबई हायच्या समुद्री तेलक्षेत्रात मात्र मुख्य भर अशा पंपांऐवजी गॅस लिफ्टवर आहे. तिथे दाबलेला वायू नळीत सोडून तेलाचा स्तंभ हलका करतात.